लोलकवाल्या शेळीची बाजू

माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकाने नाही, अर्ध्याने नाही. मी घसा फोडून ओरडले, खुंटा उपटला, दूध चोरलं, एकदा तर बोकडवाल्या दादाच्या बुडाला असं शिंग लावलं की तो आठवडाभर उभ्यानेच चहा पीत होता. लोक म्हणाले, माजलीय. घ्या! बाईने तोंड उघडलं की ती भांडकुदळ, आणि शेळीने उघडलं की ती माजलेली. म्हणून म्हटलं, आता आपणच सांगायला बसावं. हो, शेळीच बोलतेय. तपकिरी अंगाची, डाव्या कानाला चीर गेलेली, आणि गळ्याखाली दोन लोलक असलेली.

लोलक म्हणजे दागिना नव्हे. कातडीचेच असतात, बोटभर लांब, वरून केसाळ, चालताना हलतात. काही शेळ्यांना असतात, काहींना नसतात. शेळीचं शेपूट माश्याही हाकलत नाही आणि अब्रूही झाकत नाही म्हणतात, पण शेपटाला निदान म्हण तरी मिळाली. लोलकांचा तेवढाही उपयोग नाही. तरी आमच्या वस्तीत एक समज पक्का होता: लोलकवाली शेळी दुधाला भारी. शेळी घ्यायला आलेला माणूस आधी कास बघायची सोडून गळा बघायचा.

माझं शिक्षण विचाराल तर चौथीपर्यंत. आमच्या गोठ्याची मागची भिंत आणि प्राथमिक शाळेची भिंत एकच, वर एक झरोका. पाढे ऐकून ऐकून पाठ झाले. झरोक्यातून पडलेली पहिली ते चौथीची पुस्तकं मी चावून चावून पचवली, जे वर्गातल्या एकालाही जमलं नाही. पाचवीची शाळा लांब होती. राहिली.

माझा जन्म बेकरीवालीच्या घरचा. भट्टीच्या मागे भिंत कायम ऊबदार असते, तिथे आई मला व्याली. आई अजून आहे, दात गेलेत बिचारीचे, पावाच्या कडा पाण्यात भिजवून खाते. तिचा गळा गुळगुळीत. लोलक नाहीत. ते मला बापाकडून आले.

बाप म्हणजे सरदार. दादाचा बोकड. काळाकुळकुळीत, कपाळावर पांढरा ठिपका, छातीपर्यंत दाढी, गळ्यात लोलक, आणि वास असा की वारा तिकडून आला की शाळेतल्या बाई खिडकी लावून घ्यायच्या. आजूबाजूच्या कुठल्याही शेळीला करडू हवं असलं की तिला दादाच्या अंगणात न्यायचं. दुसरा बोकडच नव्हता. असता तरी कुणी नेली नसती, कारण सरदार म्हणजे सरदार. प्रदर्शनात बक्षिसाचे पट्टे मिळवलेला. दादा त्याला रोज खरारा करायचा, बायकोचे केस कधी विंचरले नसतील इतक्या मायेने.

आता दादाची रीत सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. सरदारला शेळी दाखवायचे तो पैसे घेत नसे. करडं झाली की येऊन त्यातली एक पाठ, म्हणजे मादी करडू, निवडून न्यायची. आणि निवडताना? गळा बघायचा. "लोलकवाली माझी," म्हणायचा आणि काखेत मारून चालू पडायचा. म्हणजे त्याच्या गोठ्यात कोण साठत गेलं? सरदारच्याच लेकी. त्या मोठ्या झाल्या की पुन्हा कुणापुढे बांधायच्या? सरदारपुढेच. त्यातल्या काही तो लोकांना विकायचा, "लोलक बघून घ्या हो, सरदारचं रक्त आहे." लोक लोलक बघून घ्यायचे आणि माजावर आल्या की सरदारकडेच आणायचे. लबाडी नव्हती त्यात. त्याचा स्वतःचाही त्यावर तितकाच विश्वास होता. लबाड माणूस निदान घाबरून असतो. याला कसली भीती?

मलाही त्याने तशीच उचलली आणि वाढवून आपल्या धाकट्या बहिणीला भेट दिली. ती माझी मालकीण. शिवणकाम करते. ओसरीवर तिचं मशीन, खिळ्याला टांगलेले कागदाचे साचे, खाली चिंध्यांचा ढीग. नवरा ट्रकवर, कधी उगवेल त्याचा नेम नाही. घरात ती आणि सासू. दादाने माझं दावं तिच्या हातात दिलं तेव्हा म्हणाला, "सासूबाईंना चहाला दूध होईल, तुला सोबत होईल. बोलते फार, पण तूही बोलतेसच की." वस्तीतले लहानथोर सगळेच त्याला दादा म्हणायचे, पण मालकिणीच्या तोंडी तो शब्द वेगळाच यायचा. बाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवली होती.

पहिल्यांदा व्याले तेव्हा दोन झाली. एक पडल्या पडल्या धडपडत उठलं आणि सडाला लागलं. दुसरं उठेना. मी चाटलं, नाकाने ढकललं, हाक मारली. ते थरथरत पडून होतं. पुढचे पाय खुरांशी मुडपलेले. डोळे एका जागी ठरत नव्हते, आपले इकडून तिकडे, इकडून तिकडे. मी कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी कान हलला नाही. मालकिणीने चिंधी चिकात बुडवून त्याच्या तोंडात पिळली. थोडे दिवस काढले त्याने. मग गेलं.

"होतं पहिल्या वेळी," सासू म्हणाली.

दुसऱ्या खेपेला एकच झालं आणि तेही तसंच पडलं. तेच पाय, तेच डोळे. आता मात्र सासूला कंठ फुटला. "खाण तशी माती! हिची कूसच वाईट. दावणीला अपशकुन बांधलाय आणि वर पाला घालतोय."

त्या दिवसापासून माझ्या नावावर काय काय जमा झालं म्हणून सांगू! मी खडू खाते म्हणून करडं पडतात. मी गाभणपणी चिंध्या खाल्ल्या म्हणून पडतात. मालकीण मला खळ लावलेल्या कापडाचं पाणी पाजते म्हणून पडतात. एका शहाणीने तर मशीनचा खडखडाट पोटातल्या करडाला बाधला असं काढलं. सरदारचं नाव एकाच्याही तोंडात नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

आणि मला माहीत होतं. तेच तर ओरडून सांगत होते. दुसऱ्या वेळी मला दादाच्या अंगणात नेलं तेव्हा मी कडब्याच्या गंजीमागे बांधलेली होते. तिथे त्याच्या एका लोलकवाल्या शेळीपुढे करडू पडलं होतं, मुडपलेल्या पायांचं. दादा आला, इकडे तिकडे पाहिलं, पोतं टाकलं त्याच्यावर, आणि बाहेर जाऊन लोकांशी हसत बोलायला लागला. आमच्याकडची खोडच ती. करडू पडलं की वाच्यता करायची नाही. केली की शेळीची किंमत उतरते, घराचं नाव निघतं. प्रत्येक गोठ्यात एखादं पोत्याखाली झाकलेलं, आणि जो तो म्हणणार, "आमचं सगळं छान!" मग बेरीज होणार कशी? मी बेरीज केली होती. पाढे पाठ होते ना. पण ऐकतो कोण?

तेवढ्यात सासूने खाटकाला बोलावलं. माणूस तसा सभ्य. माझ्या पाठीवरून हात फिरवला, कमरेचं हाड चाचपलं, आणि म्हणाला, "जरा वातड निघेल." घ्या! शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड, ते ऐकलं होतं. हा तर खायच्या आधीच म्हणाला.

मालकिणीने मशीनवरून मान वर केली नाही. दातातला दोरा तोडला आणि म्हणाली, "शेळी माझी आहे. माझ्या भावाने मला दिली. जा तुम्ही."

"आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच झालं तर?" सासू म्हणाली.

"का होतंय ते कळल्याशिवाय तिला कुठे पाठवणार नाही. संपलं."

ते दुसरं करडू अजून श्वास घेत होतं. तिने त्याला कोटाच्या अस्तरात गुंडाळलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीण तरुण, बुटकी, हातावर चाव्यांचे व्रण. करडू तिच्या टेबलावरच गेलं. पण तिने त्याच्या कानाचा एक तुकडा ठेवून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी माझं रक्त घ्यायला स्वतः घरी आली. मी तिला लाथ मारली. ती म्हणाली, "बरोबर आहे तुझं," आणि तरी रक्त घेतलं. तेव्हाच मला ती आवडली.

रक्त घेऊन झाल्यावर ओसरीवर चहा झाला. सासूने विचारलं, "काय खाऊ घालायचं बंद करू हिला?"

"खाण्याचा संबंध नाही, आजी. मला वाटतं हे जन्माच्याही आधीचं आहे." डॉक्टरिणीने खिळ्यावरचे साचे काढून हातात घेतले. "हे कशाचे?"

"बाहीचे," मालकीण म्हणाली. "एक जुना, एक नवा. एक फाटला तर दुसऱ्यावरून कापते."

"वा, मग माझं कामच झालं. ऐका. अंगातल्या प्रत्येक पेशीत फार बारीक, फार लांब धागे असतात. त्यांच्यावर मजकूर असतो: हाड असं करा, केस या रंगाचा करा, लोलक लावा किंवा लावू नका. त्या धाग्याला म्हणतात डीएनए. त्यातला एकेका कामापुरता मजकूर म्हणजे जनुक. तोच तुमचा साचा समजा. आणि प्रत्येक कामाचे साचे दोन असतात. एक आईकडून आलेला, एक बापाकडून."

"आणि दोन्ही वेगळे असले तर?"

"कामावर अवलंबून. लोलकांचं बघा. दोघांतल्या एकाने जरी 'लाव' म्हटलं तरी लोलक लागतात. हिच्या आईला नाहीत, तरी हिला आहेत. एकाचं चाललं. आता दुसरं बघा. पेशीत रोज कचरा होतो, तुमच्या मशीनखाली होतो तसा. तो फोडून साफ करणारा एक कामगार अंगातच बनतो. त्याचाही साचा असतो. एक साचा फाटका असला तर काही बिघडत नाही, दुसऱ्यावरून कामगार बनतो. शेळी टणटणीत. पण दोन्ही साचे फाटके मिळाले, तर कामगार बनतच नाही. कचरा साठत जातो, मेंदूत साठतो, आणि तोही पोटात असल्यापासून. मग करडू उठणार कसं? ऐकणार कसं?"

मालकीण साच्यांकडे बघत राहिली. "म्हणजे दोन्हीकडून फाटका यायला हवा."

"दोन्हीकडून. नुसत्या आईमुळे हे होऊच शकत नाही."

मी तेव्हा अशी ओरडले की सासूच्या हातातली बशी हलली. पण ती हटणारी नव्हती. "मग पहिल्या वेळचं एक धड कसं निघालं?"

"कारण आई दोनपैकी एकच साचा देते, डोळे मिटून. बापही तसंच. दोघांचा धड पडला, करडू धड. एकाचा धड आणि एकाचा फाटका, तरी धड. दोघांचा फाटका पडला की झालं. चारातला एक भाग."

"म्हणजे एक पडलं की पुढची तीन चांगली."

"नाही ना, आजी! फासे मागचं लक्षात ठेवतात का? प्रत्येक करडाच्या वेळी नव्याने टाकायचे."

सासूने बशी खाली ठेवली. डॉक्टरीण उठता उठता सहज बोलून गेली की माणसांतही असे काही आजार असतात. आईबाप दोघे धडधाकट, घरात कुणाला कधी काही झालेलं नसतं, आणि मूल मात्र आजारी. नवराबायको एकाच घराण्यातले असले तर जास्त, कारण एकाच पणजोबाचा फाटका साचा दोघांकडे आलेला असू शकतो.

"माणसांतही?" सासूने विचारलं. आवाज तिचा वाटला नाही.

"माणसांतही."

"माझी पहिली दोन..." ती साडीच्या काठाशी चाळा करत म्हणाली, "मान धरली नाही त्यांनी. नवरा माझ्या आत्याचाच मुलगा होता. सगळे म्हणाले, कूस वाईट. मीही तेच समजून चालले इतकी वर्षं."

डॉक्टरीण पुन्हा खाली बसली. "त्यांना काय होतं ते आज मला सांगता येणार नाही. पण असा आजार असेल, तर तो एकटीचा कधीच नसतो."

सासूने मान हलवली. मग उठली, माझ्यासमोर पाल्याची जुडी टाकली आणि आत गेली. खाटकाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मीही तिच्या पायाला शिंग लावणं सोडून दिलं. एवढं पुरे असतं आमच्यात.

आता सरदारचा नमुना हवा होता. मुळासकट थोडे केस पुरेत, डॉक्टरीण म्हणाली. मालकीण मला घेऊन दादाकडे गेली आणि सरळ मागितले.

"सरदारच्या केसाला धक्का लावू देणार नाही!" दादा म्हणाला. "पट्टे काय उगाच मिळाले त्याला? तुझी शेळी खराब निघाली, दुसरी घेऊन जा. फुकट देतो. आणि ही माजावर आलीच आहे, तर पुन्हा एकदा बघू. या वेळी छान होईल." असं म्हणत त्याने माझं दावं ओढून मला सरदारपुढे उभी केली.

शिंगाचं सांगितलंच आहे. ते याच वेळचं. दादा कोंड्याच्या पाटीत पडला, मी मोकळी झाले, आणि पळायचं सोडून सरळ सरदारवर गेले. केस हवेत ना? दाढी धरली दातात आणि ओढली. तो एवढा पट्टेवाला गडी, पण ओरडला असा की करडू बरं. मालकिणीने माझ्या तोंडातून झुबका काढला, रुमालात बांधला, आणि आम्ही दोघी धावत सुटलो.

डॉक्टरीण हसून हसून लाल झाली. मग म्हणाली, "पण याचा उपयोग नाही हो. हिची लाळ लागलीय सगळी. लाळेत हिचाच डीएनए. मी तपासणार कुणाचं?"

मला विचाराल तर तेवढा एक दिवस मी हरले. मालकीण हरली नाही. ती म्हणाली, "चोरून आणलेलं टिकत नाही म्हणतात ते खोटं नाही. उद्या उजेडात मागते."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाच्या अंगणात पाच-सहा जणी आपापल्या शेळ्या घेऊन उभ्या होत्या. बेकरीवाली होती. सासूही आली, गुडघे दुखत असताना. मालकीण मधोमध उभी राहिली. रस्त्यावर हातगाडीवाल्याशी जशी बोलते तशा आवाजात म्हणाली, "माझी दोन करडं उभी राहिली नाहीत. पाय मुडपलेले, डोळे ठरत नव्हते. आणखी कुणाची?"

एकीने शेळीच्या पाठीवरची गवताची काडी काढली. एकीला एकदम घरची आठवण झाली.

"बोला की! शेळ्यांच्या बाजूने कधीतरी बोला."

"आमचं एक," बेकरीवाली म्हणाली. "मागच्या खेपेला. लोलकवालीला. भट्टीच्या राखेत पुरलं."

"आमचंही," मागून आवाज आला. आणि मग जो बांध फुटला! कुणाचं एक, कुणाची दोन. एकमेकींकडे अशा बघत होत्या, जणू शेजारीण आज पहिल्यांदा दिसली.

दादा लालबुंद. "सगळ्या मिळून ठरवून आलात होय? माझ्या गोठ्यात बघा, एक तरी पडलंय?"

स्वयंपाकघराच्या दारातून दादाची बायको, मालकिणीची वहिनी, बाहेर आली. ही बाई कधी मोठ्याने बोललेली मी ऐकली नव्हती. हात पदराला पुसत म्हणाली, "आपलीही सांगा ना. खड्डे मी खणलेत."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मग तरातरा गेला, सरदारच्या मानेवरचे केस मुठीत धरून मुळासकट उपटले आणि मालकिणीपुढे धरले. "घे! तपास काय तपासायचं ते. पण सरदार स्वच्छ निघाला तर काय?"

"तर ही शेळी मी स्वतः खाटकाकडे नेऊन देईन," मालकीण म्हणाली.

माझा रवंथ घशातच थांबला.

"अगं, पैज कसली लावतेस मुक्या जनावरावर?" सासू ओरडली. मुकं! मला!

"लागली पैज," दादा म्हणाला.

बेकरीवालीने आपणहून माझ्या आईचेही केस दिले. "हिची आई अजून माझ्याकडे आहे. तिचंही होऊन जाऊ दे, म्हणजे मागाहून कुणी तिच्यावर घसरायला नको."

निकाल यायला वेळ लागला. तोवर दादा बहिणीच्या दारावरून जाताना मान वळवून जायचा. ती मशीनवर बसून रस्त्याकडे बघत राहायची आणि शिवण वाकडी जायची. माझ्या जिवाचं म्हणाल तर मी रोज पोटभर खात होते. जायचं असेल तर वातड होऊन जायचं असं मी ठरवून टाकलं होतं.

डॉक्टरीण आली तेव्हा अंगण भरलं होतं. खाटीकही फाटकाशी येऊन उभा. कुणी बोलावलं होतं देव जाणे. डॉक्टरिणीने आधीच सांगितलं, "मी कुणाला शिक्षा सुनवायला आले नाही. जे आहे ते सांगते. करडाच्या कानाच्या तुकड्यात दोन्ही साचे फाटके. सरदारचा एक साचा फाटका आहे. या लोलकवालीचाही एक फाटका आहे. हिच्या आईचे दोन्ही धड."

दादा गव्हाणीच्या काठावर बसला. सरदारकडे बघितलं. पण लगेच मान वर केली. "म्हणजे निम्मा त्याचा, निम्मा हिचा. मग माझ्या एकट्याच्या बोकडाचं नाव का? शेळीही तितकीच खराब. जाऊ दे तिलाही!"

"मी थांबू की जाऊ?" खाटकाने नम्रपणे विचारलं.

"थांबा जरा," मालकीण म्हणाली. तिने दादासमोर उकिडवं बसून त्याच्याकडे पाहिलं. "दादा, हिच्या आईचे दोन्ही धड. मग हिच्याकडे फाटका आला कुठून?"

"...सरदारकडून."

"आणि हिच्या करडांना दुसरा फाटका कुणी दिला?"

"त्यानेच."

"म्हणजे दोन्ही एकाचेच. तुला माहीत होतं ना, ही त्याचीच लेक आहे? लोलक बघून तूच उचलली होतीस."

"माहीत होतं," दादा म्हणाला. "मला वाटलं, चांगलं दुप्पट होईल. दूध दुप्पट, अंग दुप्पट. वाईट असं काही दिसतच नव्हतं गं त्याच्यात."

"दिसत नाहीच," डॉक्टरीण म्हणाली. "एक धड साचा दुसऱ्या फाटक्याला झाकून ठेवतो. बापाला लेकीशी जुळवलं की झाकलेला झाकलेल्याला भेटतो. लोलकांचा दोष नाही, ते वेगळ्या जनुकाचे. पण लोलक बघून बघून तुम्ही सगळ्यांनी सरदारच्याच लेकी निवडल्यात."

"मग सरदारला काय?" दादाने विचारलं. "त्याला पाठवू का..."

"त्याला कशाला?" मालकीण म्हणाली. "बोकड तो. पुढे येईल ती शेळी, एवढंच त्याला कळतं. दावं सोडणं, दावं बांधणं त्याला येत नाही. तुझ्या हातात होतं ते. पोत्याखाली काय आहे तेही तुला ठाऊक होतं, आणि तरी तू पुढचीला बांधत गेलास. माझ्या शेळीला रोज शिव्या पडताना ऐकलंस आणि गप्प राहिलास. मला बापाच्या ठिकाणी आहेस म्हणून आजवर तुझ्यापुढे आवाज चढवला नाही. पण हा दोष तुझा आहे."

सासूने खाटकाला हाताने खूण केली: निघा. त्याने टोपी सारखी केली आणि गेला.

पुढचं थोडक्यात. सरदारला अंगणाबाहेर वेगळा खुंटा मिळाला. खातो, पितो, येणाऱ्याजाणाऱ्याला दाढी दाखवतो. तेवढं त्याला पुष्कळ. दोन खोऱ्यांपलीकडून एक नवा बोकड आला, पांढरा, बिनलोलकांचा, दिसायला अगदी मुनीमजी. पण आधी केस तपासले, मग आणला. एक साचा फाटका असलेल्या आम्ही सगळ्याजणी जिवंत आहोत, दूध देतो आहोत. डॉक्टरिणीने समजावून सांगितलं होतं, फाटका साचा बाळगणं म्हणजे आजारी असणं नव्हे, फक्त जोडी बघून जुळवायची. नव्या बोकडाची मला तीन करडं झाली. तिन्ही पडल्या पडल्या उठली. एक तर उठून आधी सासूचा पदर खायला गेलं.

आता माझे गुडघे कुरकुरतात, खालचे दात झिजलेत. व्यायचं बंद झालं. मालकीण अजून दावणीला ठेवते, सासू मला उरलेला चहा पाजते. जाण्याआधी एवढंच सांगायचं. करडू पडलं तर पोतं टाकू नका. शेजारी जा आणि मोठ्याने विचारा, तुमच्याकडेही पडलं का? आईच्या गळ्याला हात घालायच्या आधी बापाचा साचा मागा. मूल माणसाचं असलं तरी तेच. आणि एकाच दावणीची जोडी पुन्हा पुन्हा जुळवत बसू नका, ती कितीही देखणी असो.

आणि दोष कुणाचा, ते कुणी तुम्हाला विचारलं तर माझं नाव घेऊ नका. सरदारचंही नको. आमच्याकडे ते आता लपलेलं नाही. कुणी परका माणूस शेळी घेऊन अंगणात आला की दादा आधी तिच्या आईबापाची चौकशी करतो. मग तो माणूस विचारतो, एवढी कसली चौकशी? तेव्हा दादा आधी करडांचं सांगतो, खड्ड्यांचं सांगतो, आणि ती कुणामुळे गेली म्हणून त्याने विचारलं की खाली न बघता ज्याचं नाव सांगतो तो कुणी शेळी नाही, बोकड नाही. तो दादा.